दांडा नसलेली हापशी

मित्रांनो, मी एक जुनी हापशी आहे. कुही गावाच्या पलीकडे, जंगलाला अगदी लागून असलेल्या एका लहानशा गावात मी उभी आहे. मला जमिनीत बसवलं, तेव्हा माझ्या पहिल्या धारेला बायांनी हळद-कुंकू वाहिलं होतं. मे महिन्यात गावच्या विहिरी तळ दाखवत, पण मी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. थोडी कुरकुरत असे, ती वयामुळे.

माझ्यात एकच खोट होती. सांडलेलं पाणी वाहून न्यायला नाली नव्हती, म्हणून माझ्या पुढ्यात डबकं साचे. उन्हाळ्यात पहाटे तिथे चितळं येऊ लागली.

"आई, हे बुजवून टाकू. हरनं येतेत तं वाघबी येईन," रोज पाण्याला येणारी उन्नती एकदा तिच्या सासूला, कांताबाईंना म्हणाली.

"पिऊ दे वं. तहान काय आपल्यालेच लागते?" असं म्हणून कांताबाईंनी दोन कळशा जास्तीच्या हापसल्या आणि डबक्यात ओतल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं.

यंदाच्या एप्रिलमध्ये एका पहाटे कांताबाई एकट्याच आल्या. त्या दिवशी चितळं नव्हती. वाघ होता. कांताबाईंची कळशी अर्धीच भरली होती. मी लोखंडाची, मला ओरडताही आलं नाही.

कांताबाई गेल्या. पंचनामा झाला. मग सरपंच मारोतराव म्हणाले, "हिचा दांडाच काढून टाका. इकडे कोनी येनारच नाही."

"मंग पानी कुठून आनू, भाऊ?" उन्नतीने विचारलं.

"घरोघरी नळ तं लागले. आठ दिवसात पानी सुटन."

दोन महिने झाले, नळ कोरडेच आहेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! डबकं आटलं, तशी चितळं जंगलातल्या नाल्यावर गेली. त्यांच्यामागे वाघही गेला. आणि आता गावातल्या बायाही पाण्याला त्याच नाल्यावर जातात.

माझ्या पोटात अजून भरपूर पाणी आहे, मित्रांनो. मला फक्त दांडा आणि एक नाली हवी आहे. जनावरांना त्यांचं पाणी जंगलात द्या, माणसांना दारात द्या. दोघांची तहान एका जागी आणू नका.

उन्नती आज सकाळीच नाल्यावर गेली. ऊन डोक्यावर आलं, तरी ती परतलेली नाही. मला जागचं हलता येत नाही. तुम्ही मोठ्या माणसांना हाक मारा, आणि चौघा-पाचजणांना मिळून लवकर तिकडे जायला सांगा.