केळीच्या रसाला पाच तारे

एव्हरशाईन सिटीतल्या हॉलमध्ये त्या रविवारी उभं राहायलाही जागा नव्हती. पडद्यावर एका वेबसाइटचं पान उघडलेलं. केळीच्या गाभ्याच्या रसाने मधुमेह मुळापासून जातो, असा शोधनिबंध. त्याखाली लांबलचक क्रमांक आणि पाच तारे. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पडद्याला हात जोडले.

"मी बाबा नाही, बुवा नाही," जितेंद्रगुरू माइकवरून सांगत होते. "हे जगाचं विज्ञान बोलतंय. परदेशी तज्ज्ञांनी तपासलंय. इन्सुलिन म्हणजे कुबडी, मंडळी. फेकून द्या."

माझ्या बायकोने, हंसाने, ती केव्हाच फेकली होती. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती आणि मी सांगून सांगून थकलो होतो. "अहो, संशोधन आहे ते," हेच तिचं उत्तर. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. अंगारा दिला असता तर तिनेच हसून परत केला असता. शेवटी मी तिच्या जुन्या विद्यार्थिनीला, पापडी गावच्या सालोमीला, सोबत आणलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

सालोमी उठली. "सर, याच साइटवर मी एक निबंध टाकू?"

"टाका की. तज्ज्ञ तपासतील," गुरू हसले.

तिने मोबाइल पडद्याला जोडला. 'वटार गावच्या केळीला रोज नमस्कार केल्याने टक्कल जाते,' असा मथळा देऊन चार ओळी खरडल्या. बघता बघता त्यालाही तसाच लांबलचक क्रमांक मिळाला. मग दुसऱ्या नावाने खातं उघडून तिने स्वतःलाच पाच तारे दिले. शेरा लिहिला, 'क्रांतिकारी संशोधन.'

लोक हसले.

"साइट वाईट नाही," ती म्हणाली. "आम्ही कच्चे निबंध इथे ठेवतो, इतरांनी चुका दाखवाव्यात म्हणून. क्रमांक म्हणजे नुसता पत्ता. टाकलं म्हणजे तपासलं, असं नाही."

मग तिने गुरूंच्या निबंधाला तारे देणाऱ्या एका परीक्षकाचं नाव उघडलं. 'प्रा. दीपिका, लंडन.' फोटो मोठा झाला, तर चेहरा ओळखीचा. दारात रसाच्या बाटल्या विकणारी बाई मान खाली घालून बाहेर निघून गेली.

"विज्ञानाला विरोध होतोच," गुरू म्हणाले. संताप याचा येतो, की तरीही बाटल्यांसाठी रांग लागली. "रसच तर आहे, नुकसान काय?" एकाने मलाच विचारलं.

हंसा मात्र भिंतीला धरून उभी होती. "सालोमी, मला दवाखान्यात ने," एवढंच म्हणाली.

अंगठा कापावा लागला. पाय वाचला.

कोणी संशोधन दाखवलं तर विचारा: तपासलं कोणी? किती रुग्णांवर? औषध न दिलेल्यांशी तुलना केली का? आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन थांबवू नका.