दारातली कळलावी आणि ढोलीतला पिंगळा

"कळलावी दारात लावू नगा, आक्का. घरात भांडणं लागत्यात," शेजारच्या रुक्माबाईनं बजावलं होतं. मी हसले. फुलानं कुठं भांडण लागतं? यांची गुंजी स्टेशनावर बदली झाली, त्या पावसाळ्यात रानातून तिचा गड्डा आणून मी पायरीशी लावला. गौरीपर्यंत वेल फुलला. वर वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्या, जणू ज्वाळाच.

माझी भीती वेगळीच होती. आंब्याच्या ढोलीतला पिंगळा दिवेलागणीला चिरकला की मी दोन वर्षांच्या अंजनीला घरात ओढायची आणि तिचं नाव घ्यायची नाही. हे एवढंसं घुबड, पण ऐकलेलं नाव घोकत बसतं आणि ते लेकरू झिजत जातं म्हणे.

"कॉलेजात शिकलीस ना?" हे चिडवायचे.

"शिकले. पण तेव्हा लेकरू नव्हतं."

गौरी आल्या त्या दिवशी रुक्माबाईनं तिच्या शेतातली रताळी भाजून आणली. अंजनी आणखी मागत राहिली. "पुरे आता," म्हणून मी भाकरी थापायला बसले. तेवढ्यात पिंगळा चिरकला. पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर धावले.

अंजनी पायरीशी बसली होती. भिजल्या मातीतून तिनं कळलावीचा गड्डा उकरला होता, थेट कोवळ्या रताळ्यासारखा, आणि फ्रॉकला पुसून तोंडाशी नेत होती. मी तो हिसकावला, तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. काही नव्हतं. तिनं भोकाड पसरलं.

ते ऐकून रुक्माबाई आली. "अगं बाई! इख हाय हे!"

"मग भांडणाचं काय सांगत होता? विष म्हणायचं!"

"इख म्हटलं की लोक म्हणत्यात, आपण कुठं खातोय? भांडणाला समदी भित्यात. तुमीच तेवढ्या भ्याला न्हाय."

हे घरी आल्यावर वेल जाळायला निघाले. "रानातला आहे, रानात लावा," मी अडून बसले. आवाज चढले.

"लागलं न्हवं भांडण!" कुंपणापलीकडून रुक्माबाई हसली, आणि आम्हीही.

आता वेल रुळांपलीकडं फुलतो. लांबून फार देखणा दिसतो. पिंगळा ढोलीतच आहे, वटारल्या डोळ्यांचा, उंदरांवर टपलेला. त्याच्यासमोर मी अंजनीला नावानं हाक मारते, अगदी मोठ्यानं. ऐकू दे की त्याला.

तुमच्या दारात असला वेल असेल, तर हे वाचणं इथंच थांबवा. लेकरू कुठं आहे, त्याच्या हातात काय आहे, तेवढं आधी बघून या.