डावीकडचं बटण

आमच्या तिसऱ्या मजल्यावर हातात मावणारी खेळयंत्रं तयार होतात. आमच्या लहानपणचे जुने खेळ त्यांत भरलेले. दिसायला गोड, किमतीला हलकी. शेंझेनच्या या गल्लीत असे कारखाने ढिगानं. तपासणीच्या टेबलावर माझ्या शेजारी सुयुनताई बसायची. हुनानच्या डोंगरातली, कारखान्यात तेरा वर्षं मुरलेली. एका यंत्राला चाळीस सेकंद. पडद्यावरचा चिमुकला शिपाई उजवीकडं धावत सुटतो, तेवढ्यात सगळी बटणं दाबून बघायची. गावाकडच्या चहा खुडायच्या गाण्यात ताईनं बटणांचा क्रम बसवला होता:

वरचं पान खुडावं, खालचं राहू द्यावं,
उजवीकडं डोंगर गं, डावीकडं माझं गावं.

ती गुणगुणायची आणि अंगठा आपोआप फिरायचा.

थंडीत त्याच डाव्या अंगठ्याची जाण गेली. सुई टोचली तरी कळेना. तिनं ते फक्त मला सांगितलं. जूनमध्ये तिच्या लेकीची, आनिंगची, मोठी परीक्षा होती. इथला नियम असा, की आईची नोकरी खंड न पडता चालू असली तरच पोरीला इथं परीक्षेला बसू देणार. नाहीतर परत गावच्या शाळेत, जिथली पुस्तकंसुद्धा वेगळी. जूनपर्यंत कसंही निभवायचं होतं.

मग आम्ही वाटून घेतलं. दोघींच्या यंत्रांची डावी बटणं मी बघायची, उजवी तिनं. मुकादम मो जाता-येता म्हणायचा, "दोघी जावा एका चुलीशी बसल्यात जणू."

"चूल तुझी, धूर आमचा," ताई मान वर न करता म्हणायची.

एप्रिलमध्ये पितरांच्या सणाला वडिलांची कबर झाडायला मी दोन दिवस गावी गेले. ताईला म्हटलं होतं, तूही रजा घे. दोघी एकदम उठलो तर मो विचारील, म्हणाली. त्या दोन दिवसांच्या मालात कित्येकांचं डावं बटण मेलेलं निघालं. शिपाई तर उजवीकडंच धावतो, मागं वळायची त्याला गरजच पडत नाही. चाळीस सेकंदांत ते बटण मेल्याचं डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्यालाच कळतं. दोन आठवड्यांत माल परत आला. प्रत्येकावर ताईच्या नंबराची चिठ्ठी.

मोनं तिच्यापुढं दहा यंत्रं ठेवली आणि बिघडलेली वेगळी काढायला सांगितली. ताई खाली वाकली. शिपायाला दोन पावलं पुढं न्यायची, मग मागं वळवायची. वळला नाही की यंत्र बाजूला. दहाच्या दहा बरोबर. पण एकेकाला दोन-दोन मिनिटं.

मो रागावला नाही. गरम पाण्याचा पेला त्यानं तिच्यापुढं सरकवला.

"ताई, डोळ्यांनी बघतेयस तू. कधीपासून?"

"थंडीपासून."

"मग आधीचा माल कुणी बघितला?"

ताईनं पेला जवळ ओढला. माझ्याकडं तिनं वळूनही पाहिलं नाही.

"मीच."

माझ्या ओठांवर शब्द आला होता. नोकरी मलाही होती. तो शब्द मी गिळला.

महिनाअखेरपर्यंतच काम, मो म्हणाला. जूनपर्यंत खोकी भरायला तरी बसव, म्हणून ताईनं विनवलं. खोकी आता यंत्र भरतं, म्हणाला, आणि खिडकीकडं वळला.

जाताना तिनं मला एवढंच बजावलं, की आनिंगला अंगठ्याचं सांगू नकोस. कारखाना लांब कुठं हलला म्हण. नाहीतर पोर सगळं आपल्या डोक्यावर घेईल.

मायलेकींच्या गावच्या गाडीच्या आदल्या दिवशी आनिंग आईची कारखान्यात राहिलेली चादर न्यायला आली. दुपारची वेळ. मी खाली जिन्यापाशीच तिला गाठलं, गाठोडं हातात दिलं आणि ताईनं शिकवलेलं बोलले, की कारखाना लांब हलला.

तिनं मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या उघड्या खिडक्यांतून शिपायाच्या धावण्याची धून येत होती, एका वेळी वीस-पंचवीस यंत्रांची, मागंपुढं. पोरीनं ती नीट ऐकून घेतली.

"बरं मावशी," ती म्हणाली. "आईला सांगते, की तू तसंच सांगितलंस."