खाली ओढलेला काटा

मित्रांनो, लखनौच्या तेलीबागेत एका घरातल्या कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे जो करडा डबा दिसतो, तो मी. मी एक जुना अतिनीलमापक आहे. उन्हातले काही किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला जाणवत नाहीत, तरी भाजून काढतात. ते मोजणे हे माझे काम.

सुधीर शेवाळे सैन्यात यंत्रदुरुस्तीचे हवालदार होते. १९९२ साली अंटार्क्टिकाला निघण्यापूर्वी, मे महिन्यात, त्यांनी मला गच्चीवर पारखले. शेजारी त्यांच्या पत्नी मीनाक्षी कुरडया घालत होत्या.

"आता डब्याला विचारून वाळवण घालायचं का, अहो?"

"घाल की. काटा अकरावर आहे."

"माझे तळपाय पोळले, त्यावरूनच कळलं मला."

दोघेही हसले. त्या दिवशी ऊन तापत गेले, तसा माझा काटा चढत गेला. ऊन आणि काटा सोबतच चालतात, असे सुधीरनी मनाशी धरले ते तेव्हाच.

बर्फावरच्या तळावर दोन महिने सूर्य उगवलाच नाही. त्या अंधारात, फार उंचावर, अतिथंड ढग तयार झाले. तुमच्या-आमच्या फ्रिजमधून सुटलेले वायू वर्षानुवर्षे वर साठले होते. त्यांतल्या क्लोरीनला त्या ढगांनी मोकळे केले आणि वसंतात सूर्य परतताच त्याने हे किरण अडवणारा ओझोन खायला सुरुवात केली. नोव्हेंबरात सूर्य बराच वर आला, तरी डोक्यावरचे ते विरळ आवरण भरून आले नव्हते. वाऱ्याबरोबर तो विरळ भाग कधी तळावर येई, कधी दूर सरके. म्हणून आकाश तेच, सूर्य तेवढाच, तरी माझा काटा काल चारवर, तर आज आठवर.

"सुधीर, गॉगल लाव," तळाचे डॉक्टर मधुसूदन म्हणाले. "काटा आठवर आहे ना?"

"काटा बिघडलाय, साहेब. उणे दहामध्ये कसलं आलंय ऊन? लखनौला होळीच्या सुमाराला असतो, तेवढा दाखवतोय."

"आणि बिघडला नसेल तर?"

"साहेब, तुम्ही माणसं तपासा. यंत्रांचं माझ्यावर सोडा."

त्यांनी मला उघडले. हात हलका होता, दुखले नाही. एक बारीक स्क्रू फिरवून त्यांनी काटा चारवर आणला आणि वहीत लिहिले, 'दुरुस्त केले.' आयुष्यात पहिल्यांदा मी खोटे बोललो, आणि पहिल्यांदाच माझे म्हणणे त्यांना पटले.

पुढचे तीन दिवस ते अँटेनाच्या तारा जोडत होते. श्वासाच्या वाफेने गॉगल धूसर होई. निघताना ते माझ्याकडे बघत, काटा चारवर दिसे, आणि गॉगल खिशात जाई. वरून किरण येत होते, खालचा बर्फही ते परत फेकत होता. तिसऱ्या दिवशी काम आवरताना, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटून त्यांनी ते तेलकट हातमोज्यांनी चोळले. असा दाह एरवी दोन दिवसांत उतरतो. त्यांची जखम मात्र चिघळली. जहाज यायला महिना होता. डॉक्टरांच्या थेंबांनी डोळे राहिले, पण दोन्ही बुबुळांवर पांढरे वण पडले.

त्यांना आता माणसे सावल्यांसारखी दिसतात. बारीक तार दिसत नाही. नोकरी सुटली. हत्यारांची पेटी मीनाक्षीबाईंनी कुणाला तरी देऊन टाकली, आणि सुधीरनी ती पुन्हा मागितली नाही.

परवा त्यांच्या मुलीने, शर्वरीने, मला खाली काढले.

"बाबा, स्कूल में साइंस एग्ज़िबिशन है. इसे ले जाऊँ?"

"नको, बेटा. ते खोटं सांगतं."

"किसने बिगाड़ा?"

सुधीरनी बोटांनी माझे झाकण चाचपले. मग म्हणाले, "मी."

शर्वरीने मला पुसून पुन्हा वर ठेवले.

मित्रांनो, दक्षिण ध्रुवावर या वसंतातही ते आवरण विरळ होईल. कपाटावर बसून मला त्याचे काहीच करता येणार नाही. जुनी यंत्रे सांगतात, आम्हाला जपा. माझे मागणे वेगळे आहे. मी अजून चालतो. उन्हात ठेवलेत तर काटा हलेल, आणि तुम्हाला बरे वाटेल एवढाच चढेल. कृपा करून माझ्यावर विश्वास ठेवू नका.