चार नंबर तब्येतीत आहे

सकाळी चार नंबरच्या टाकीतल्या पिल्लांनी खाणं सोडलं. दनीस माशाची वीस दिवसांची पिल्लं, पापणीच्या केसाएवढी. अंग काळवंडलेलं, पोट पांढरं, आणि तळाशी जाऊन गोल गोल फिरत होती.

बद्रान हा हॅचरीचा मुकादम. ही शेवटची खेप गेली तर टाक्या फोडून इथे लग्नाचा हॉल काढीन, असं मालकाने बजावलेलं. हॉलमध्ये बद्रानला काय काम मिळणार? त्याला नाचताही येत नव्हतं.

त्याने अलेक्झांड्रियाला गेलेल्या डॉक्टर लमजदला फोन लावला. हा माशांचा डॉक्टर ट्युनिसचा, आठवड्यापूर्वीच इथे रुजू झालेला.

"डॉक्टरसाहेब, चार नंबर जरा तब्येतीत आहे."

इथे दमिएत्तात आजाराचं नाव घेत नाहीत, तो ऐकतो आणि घरात शिरतो. आजाऱ्याला 'तब्येतीत आहे' म्हणतात. कुणी फारच तब्येतीत असलं, तर कफनाचं बघायला लागतात. ट्युनिसमध्ये मात्र तब्येतीत म्हणजे तब्येतीत.

डॉक्टर खूश झाला. मग चारमधली थोडी पाच-सहात सोडा म्हणाला, तिथे विरळ आहेत. बद्रानला हा उपाय विचित्र वाटला. पण लस टोचणारेही रोगच टोचतात, असं मनाशी म्हणत त्याने बादली बुडवली.

दुसऱ्या दिवशी पाच-सहाही तब्येतीत असल्याचं त्याने कळवलं. डॉक्टरने शाबासकी दिली आणि दोन, तीन, सात, आठही उरकायला सांगितल्या. एक नंबर आधीच दाट आहे, ती राहू द्या. बद्रानने त्याही उरकल्या. बादली तीच होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर परतला, तेव्हा सात टाक्यांचे तळ मेलेल्या पिल्लांनी पांढरे झाले होते. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच्या आतड्यात जिवाणूंची जत्रा भरलेली.

"तुम्ही तर तब्येतीत म्हणालात."

"आहेतच की. आता तर फारच."

उलगडा व्हायला दोन पेले चहा लागला. मग डॉक्टर हळूच म्हणाला, "मुकादम, एक नंबरला कुणी हात लावायचा नाही."

एक नंबर अजून खात होती. तेवढ्यात मालकाचा फोन आला. सातांचं त्याला कळलं होतं. एकचं काय, एवढंच त्याने विचारलं.

ठणठणीत म्हणावं तर नजर लागते. बद्रान म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह."

चांगल्याला तेच म्हणतात, वाईटालाही तेच. फरक आवाजात असतो, आणि बद्रानचा आवाज तीन दिवसांत पार बसला होता.

"अल्लाह भरपाई देवो," मालक म्हणाला आणि फोन ठेवला.

बद्रानने पुन्हा लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. तासाभराने घण घेतलेले चौघे फाटकातून आत आले. माणसं शिस्तीची होती. एक नंबरपासून सुरुवात करतो म्हणाले.