पंखातली फट

साबणाच्या त्या नामांकित कंपनीने लोगो बदलायला काढला आणि नवा जोखायला कुणाला बोलवावं? बाईंनाच! लोगो पारखण्यात बाईंचा दरारा होता हे खरं, पण जुना लोगो त्यांच्याच नवऱ्याने काढलेला. आता बोला.

बाईंची पद्धत ठरलेली. लोगो उलटा टांगायचा, म्हणजे नाव वाचलं जात नाही, नुसता आकार दिसतो. मग तो नखाएवढा छापून बघायचा. दोन्ही लोगोंत पक्षीच होता. नवा पक्षी नखाएवढाही स्वच्छ उमटला. जुन्याच्या पंखातली पांढरी फट शाईने बुजली आणि पक्ष्याचा नुसता डाग झाला.

"नवाच घ्या," बाई मॅनेजरला म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

खरं दुखणं घरी होतं. साबणाची वेष्टनं थोरल्या दिरांच्या छापखान्यात छापली जायची. पंख डागाळला की नवरा उखडायचा, "दादाने माझ्या चित्राची वाट लावली!" शेवटी भावाभावांत बोलणंच बंद झालं. बाई जगाच्या लोगोंची सालटी काढायच्या, घरात मात्र तोंडाला कुलूप. फटच अरुंद आहे हे त्यांना केव्हाच कळलं होतं. पण सांगितलं असतं तर नवऱ्याने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून आज सांगू, उद्या सांगू. अहो, अशानेच वर्षं जातात!

नवरा दारातच उभा होता. "काय ठरलं?"

"नवा घेतला."

"आणि माझ्या पक्ष्यात काय खोट काढलीस?"

बाई पार थकल्या होत्या. खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. "त्याच्या पंखातली फट अरुंद होती हो. लहान आकारात बुजायचीच. भाऊजींच्या छपाईचा काही दोष नव्हता."

त्याने खुर्ची ओढली. "तुला कधी कळलं?"

"पहिलंच वेष्टन बघून."

तो ओरडेल म्हणून बाई वाट बघत राहिल्या. तो ओरडला नाही, आणि त्यांना तेच सोसेना. "आधी तुमच्या रागाची भीती वाटायची," त्या म्हणाल्या, "आणि नंतर माझीच लाज."

त्याने दादाला फोन लावला. पलीकडून "कोण?" असा म्हातारा आवाज आला. नवऱ्याने फोन बाईंच्या हातात कोंबला.

"तुला माहीत होतं ना? मग तूच सांग."

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "मी बोलतेय. फोन ठेवू नका."