चार बोटं वर

सदतिसावा आठवडा लागला आणि सासूबाईंनी सुनेला जिन्यावर जुंपलं. सकाळी तीन मजले खाली-वर, संध्याकाळी तीन मजले खाली-वर, आणि मधल्या वेळात उकिडवं बसून फरशी पुसायची. पहिलटकरणीच्या बाळाचं डोकं ओटीपोटात आपोआप बसत नसतं, त्याला खाली बोलवावं लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती. शाळा सुटली, पण कवायत काही सुटली नाही. शेजारी त्यांना पाठीमागे 'सावधान' म्हणत, आणि समोर दिसल्या की खरोखरच पाठ ताठ करत.

सून चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायची. हात हलका, डोळा बारीक, जीभ मात्र नको तितकी जपून. दुकानात ती नव्या मुलींना रोज सांगायची, की फ्रेम तापल्याशिवाय काच दाबू नका, कड उडेल. घरी मात्र गुडघे भरून आले तरी "आता पुरे" एवढे दोन शब्द तिच्या तोंडून निघत नसत. नवरा शहर बसचा ड्रायव्हर, पहाटे जायचा. "आईचं मनावर घेऊ नकोस," असं सांगून तो निघून जाई आणि मनावर घ्यायला ही एकटी उरे.

अडतिसाव्या आठवड्यात ती तपासणीला एकटीच गेली. डॉक्टरबाईंनी ओटीपोटाच्या हाडाच्या वर बोटं टेकवून अंदाज घेतला.

"पाच बोटांच्या मापाने बाळाचं डोकं अजून चार बोटं वरच आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस. पहिल्या खेपेला बऱ्याच जणींचं या सुमारास उतरतं, काहींचं कळा सुरू झाल्यावरच उतरतं. बाळाचं वजन बेताचं आहे, वार जागेवर आहे, पाणी जरा जास्त आहे, एवढंच."

"जिने चढू-उतरू का?"

"कोणी सांगितलं? थोडं चालत जा, पण दमेपर्यंत नको." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक मात्र पक्कं लक्षात ठेव. डोकं वर असताना पाणी गेलं, तर उभं राहायचं नाही आणि चालायचं तर मुळीच नाही. खाली जागा मोकळी असते ना, पाण्याबरोबर नाळ बाळाच्या आधी घसरू शकते. मग बाळाचा श्वासच दाबला जातो. असं क्वचितच होतं, पण झालं तर मिनिटं मोजावी लागतात. तेव्हा लगेच आडवी हो आणि ॲम्ब्युलन्स बोलाव. घरच्यांनाही सांगून ठेव."

सासूबाई घराच्या दारातच उभ्या होत्या. सून तिसरा मजला चढून धापा टाकत वर आली, तर पहिला प्रश्न, "बसलं?"

तिने सुजलेल्या पावलांकडे पाहिलं. 'नाही' म्हटलं असतं, तर जिने दुप्पट झाले असते.

"बसलं," ती म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा असा उजळला, की सुनेला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवसापासून जिने बंद झाले. चहा हातात मिळू लागला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं, की डोकं बसलं आणि ते कोणाच्या मेहनतीने बसलं. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण हे खोटं तिन्ही मजले फिरून आलं. आता डॉक्टरबाईंची सूचना सांगायची तर आधी डोकं वर असल्याचं कबूल करावं लागणार होतं. उद्या सांगू, नवऱ्याला आधी सांगू, असं म्हणत सून आठ दिवस मूग गिळून बसली.

नवव्या दिवशी सकाळी ती भांड्यांच्या ओट्याशी उभी असताना पायांवरून कोमट पाणी वाहिलं.

"आई!"

सासूबाई आल्या, फरशीकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. "पाणी गेलं! अगं, घाबरतेस काय? डोकं बसलंय, आता कसली चिंता! पहिलटकरणीला वेळ लागतो. हॉस्पिटल दोन गल्ल्यांवर तर आहे, चालतच जाऊ. चालल्याने कळा धरतात. चल, चप्पल घाल."

आणि सून चालायला लागली. वर्षभराची सवय होती ती. त्यांनी 'चल' म्हटलं की तिचे पाय आपोआप उचलले जात. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्या पावलाला पुन्हा पाणी आलं. आपण सासूला घाबरतोय आणि किंमत पोटातलं पोर मोजणार आहे, हे तिला लख्ख दिसलं. ती भिंतीला धरून खाली बसली आणि तिथेच, दाराजवळच्या फरशीवर, कुशीवर आडवी झाली.

"हे काय? ऊठ!"

"नाही उठणार. आई, डोकं बसलेलं नाही. मी खोटं बोलले. चार बोटं वर आहे. डॉक्टर म्हणाल्या, अशा वेळी चाललं तर नाळ खाली येऊ शकते, बाळ गुदमरेल."

सासूबाई चप्पल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आता आभाळ कोसळणार, म्हणून सुनेने डोळे मिटून घेतले.

"काय करू मी? सांग," त्यांनी विचारलं.

हे वाक्य या घरात तिने कधी ऐकलं नव्हतं. "ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि कमरेखाली उश्या द्या."

त्यांनी दोन्ही केलं. फोनवर पत्ता नीट दोनदा सांगितला. मग गुडघे कडकडवत सुनेच्या उशाशी फरशीवर बसल्या.

"खोटं का बोललीस गं?"

"भीती वाटली."

"बाळंतपणाची?"

"तुमची."

त्यांनी सुनेच्या कमरेखालची सरकलेली उशी नीट केली. खालून गाडीचा आवाज आला, तेव्हा हळूच म्हणाल्या, "शाळेत सगळी पोरं घाबरायची मला. मला वाटायचं, ऐकतात." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

स्ट्रेचरवरून तिला आडवीच खाली नेलं. मदतनीसाने विचारलं, "डोकं बसलंय का?" तेव्हा पहिल्या मजल्यावरची बाई दारातून म्हणाली, "हो हो, कधीच!"

"नाही बसलेलं," सासूबाई जिन्यातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गरजल्या. "वर आहे. तिला उभी करू नका!"

हॉस्पिटलात नर्सने आधी नाळ तपासली. नाळ खाली आली नव्हती. बाळाचे ठोके नीट होते. ते यंत्रावर ऐकू आले तेव्हा दोघींचाही जीव भांड्यात पडला. दहा वाजता कळा सुरू झाल्या. डॉक्टरबाई दर थोड्या वेळाने येऊन बोटं टेकवून बघत होत्या. आधी तीन बोटं, मग दोन. दुपारी त्यांनी बराच वेळ हात तिथेच ठेवला आणि सुनेला म्हणाल्या, "उतरलं बरं का." मग त्या कोपऱ्यातल्या बेसिनकडे हात धुवायला वळल्या.

सासूबाई तेवढ्यात पाण्याची बाटली भरून आत आल्या.

"आई," घामाने भिजलेली सून म्हणाली, "बसलं डोकं."

डॉक्टरबाई चार पावलांवर होत्या. सासूबाईंनी मान वळवून विचारलं असतं, तर सुनेला राग आला नसता. तसं विचारायचा त्यांना हक्कच होता, असं तिला वाटलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. एक क्षणभरच पाहिलं. मग बाटली तिच्या हाताशी ठेवली आणि मुलाला फोन लावला.

"बसलं रे डोकं," त्या म्हणाल्या.

पलीकडून मुलाचा आवाज खोलीभर ऐकू आला. "नक्की? डॉक्टर म्हणाल्या का?"

"तुझी बायको म्हणाली."